मोठेपण आणि अडवणूक

"कंपनी मोठी झाली म्हणून तिला कोर्टात ओढायचं, हा कुठला न्याय?" मामांचा सवाल नेहमी असा सरळ असतो. उमरीच्या मोंढ्यात त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. मी नांदेडला वकिली करते आणि स्पर्धा कायदा हा माझ्या आस्थेचा विषय. खरीप जवळ आला, सरकीची पाकिटं दुकानात येऊन पडली की आमचा वाद पेटतो.

"मामा, मोठं असणं हा गुन्हा नाहीच. १९६९ चा जुना मक्तेदारी कायदा, एमआरटीपी म्हणायचे ना तो, कंपनीच्या मालमत्तेचा आकडा बघायचा. एका मर्यादेपुढं वाढायचं तर आधी सरकारची परवानगी. ती अट १९९१ ला गेली. आताचा २००२ चा स्पर्धा कायदा वेगळा आहे. बाजारात वर्चस्व असू द्या, पण त्या जोरावर अडवणूक करू नका, एवढंच त्याचं कलम ४ सांगतं. मनमानी किंमत लावायची नाही, दुसऱ्याला बाजारात शिरायची वाट बंद करायची नाही."

"मग जालन्याच्या महिकोनं कुणाची वाट बंद केली?" मामांचा आवाज चढला. "बद्रीनारायण बारवाले आपल्या मराठवाड्याचा माणूस. १९६४ ला जालन्यात बियाण्याची कंपनी काढली. १९९८ ला त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बीटी येण्याआधीचे दिवस तुला आठवायचे नाहीत, बाई. हिरव्या बोंडअळीनं पात्या-बोंडं पोखरून ठेवायची. दहा-दहा, बारा-बारा फवारण्या. मोनोक्रोटोफॉस झालं, सायपरमेथ्रिन झालं, दोन्ही मिसळून झालं. अळी मरत नव्हती, शेतकरी मात्र उधारीनं मरायलाता. माझ्या वहीत त्या सालांची उधारी अजून तशीच आहे. मग २००२ ला बीटी आलं आणि दोन वर्षांत औषधाचा खप निम्म्याच्या खाली गेला. माझं नुकसान झालं, पण मला बरं वाटलं."

मामा हे मनापासून बोलतात, आणि त्यात खोटं काही नाही. २६ मार्च २००२ ला केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने महिकोच्या तीन बीटी संकरित वाणांना परवानगी दिली. त्यातलं जनुक अमेरिकेच्या मोन्सँटोचं. मोन्सँटोने १९९८ मध्ये महिकोचे २६ टक्के भाग घेतले होते आणि दोघांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत महिको मोन्सँटो बायोटेक ही तिसरी कंपनी काढली होती. २००२-०३ साली देशात १३६ लाख गाठी कापूस झाला. २०१३-१४ ला तो ३९८ लाखांवर गेला. ही सगळी वाढ एकट्या जनुकामुळे झाली असं नाही. गुजरातेत पाणी वाढलं, खतं वाढली, संकरित वाणांखालचं क्षेत्र वाढलं. तरीही बोंडअळीचा पहिला तडाखा त्या जनुकानेच थोपवला, हे कुणी नाकारू नये.

"हे सगळं मान्य," मी म्हटलं. "आता पाकिटाच्या किमतीचं सांगा. २००५ ला ४५० ग्रॅमचं पाकीट कितीला विकत होतात?"

"सोळाशेच्या पुढं. अठराशेला पण विकलंय."

"त्यातले सुमारे १,२५० रुपये नुसती जनुकाची फी होती. बियाणं कुणी तयार केलं, प्लॉट कुणी राखला, परागीकरण कुणाच्या हातांनी झालं, त्या सगळ्यांचे पैसे उरलेल्या रकमेत. आंध्र प्रदेश सरकार जानेवारी २००६ मध्ये एमआरटीपी आयोगाकडं गेलं. हेच तंत्रज्ञान चीनमध्ये किती स्वस्त आहे, याचा हिशेब आयोगासमोर मांडला. ११ मे २००६ ला आयोगानं अंतरिम आदेश दिला की फी कमी करा. आंध्रानं पाकीट ७५० रुपयांवर आणलं आणि महाराष्ट्रासह बाकीची राज्यं त्याच वाटेनं गेली. आता सांगा, साडेआठशे-हजार रुपये एका आदेशानं उतरले आणि तरीही कंपनी धंदा सोडून गेली नाही. मग आधीचे ते पैसे कशाचे होते?"

मामा थोडे थांबले. "शोधाला खर्च येतो. दहा-दहा वर्षं प्रयोगशाळेत घालवावी लागतात. तो खर्च कुणी भरायचा?"

"शेतकऱ्यानंच भरायचा. पण किती भरायचा हे ठरवताना समोर दुसरा कुणीतरी पाहिजे की नको? सोयाबीनचं बघा. जेएस ३३५ जबलपूरच्या विद्यापीठाचं, एमएयूएस ७१ परभणीचं. दोन्ही सरळ वाणं. शेतकरी पोत्यातले चांगले दाणे बाजूला काढतो, ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण बघतो आणि घरचं बियाणं पेरतो. कायद्यानंही त्याला तो हक्क दिलाय, २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात. म्हणून सोयाबीनच्या बॅगेची किंमत कंपनीला मनाला येईल तशी लावता येत नाही. फार वाढवली तर तुमच्याच दुकानात बॅगा पडून राहतात."

"राहतात खऱ्या," मामा म्हणाले. "गेल्या खेपेला राहिल्याच."

"कापसाचं तसं नाही. आपल्याकडं बीटी आलं ते संकरित वाणातच. त्याची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर पीक एकसारखं येत नाही. दर मृगाला नवं पाकीट, आणि कोणत्याही नावाचं पाकीट घ्या, आत जनुक एकाच कंपनीचं."

इथे मामांनी मला अडवलं. "एकाच कंपनीचं कसं? माझ्याच फळीवर बघ, वीस कंपन्यांची पाकिटं आहेत."

ही वीस पाकिटं या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहेत, म्हणून इथे जरा थांबते. महिको मोन्सँटो बायोटेकने आपलं जनुक पन्नासच्या घरात बियाणे कंपन्यांना परवान्याने दिलं होतं. फळीवर स्पर्धा दिसते ती या परवानाधारकांमधली: कुणाचं बोंड मोठं, कुणाचं वेचायला सोपं, कुणाचं झाड पाऊस धरतं. ही स्पर्धा खरीच आहे. पण तिच्या वरच्या मजल्यावर, तंत्रज्ञानाच्या बाजारात, एकच दुकान उघडं होतं. २०१५ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालय आणि हैदराबादची नुझिवीडू सीड्स भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेले, आणि १० फेब्रुवारी २०१६ ला आयोगाने चौकशीचा आदेश दिला. त्या आदेशात परवाना कराराच्या अटी वाचायला मिळतात. सुरुवातीला ५० लाख रुपये भरायचे, ते परत मिळणार नाहीत. नंतर पाकिटामागे फी, तीही हंगामाआधी छापील किमतीवरून ठरणार. परवानाधारकाने प्रतिस्पर्ध्याच्या तंत्रज्ञानाशी व्यवहार केला तर ते ठरावीक मुदतीत कळवायचं. करार संपला तर मूळ वाणांचा साठा नष्ट करायचा. या अटींमुळे दुसऱ्या तंत्रज्ञानाला शिरायला वाट राहत नाही, असं आयोगाला सकृद्दर्शनी वाटलं. कंपनीने आरोप नाकारले.

दुसरं तंत्रज्ञान नव्हतंच असंही नाही. औरंगाबादच्या नाथ सीड्सने चिनी जनुक आणलं, जेके ॲग्रीने आपलं आणलं. दोघांनाही २००६ मध्येच मान्यता मिळाली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बिकानेरी नरमा हे सरळ बीटी वाण काढलं. ते टिकलं असतं तर शेतकऱ्याला घरची सरकी ठेवता आली असती. पण त्यात मोन्सँटोच्याच जनुकाची भेसळ निघाली आणि ते मागे घ्यावं लागलं. ही चूक सरकारी संस्थेची, कंपनीची नव्हे. मात्र तिची किंमत आपल्यासारख्या कोरडवाहू भागाने भरली. आणि आपल्या घरातलंच उदाहरण, एनएचएच ४४. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रात १९८४ ला निघालेलं संकरित वाण. शेतकरी त्याला नांदेड ४४ म्हणत, आणि महाराष्ट्राबाहेरही ते मागून नेत. बीटी आलं तेव्हा या वाणात जनुक घालून मिळालं नाही. ते महाबीजच्या मदतीने बीटी रूपात येईपर्यंत दीड दशक गेलं होतं आणि शेतकरी दुसरीकडे वळले होते. मला या एका गोष्टीची चुटपूट सगळ्यांत जास्त लागते. नांदेडच्या मातीत निवडलेलं वाण नांदेडच्या शेतातून गेलं, आणि ते निकृष्ट होतं म्हणून गेलं नाही.

मामांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि मग उलट बाजूने आले. "तू मक्तेदारी-मक्तेदारी म्हणायलीस. मक्तेदारी मी बघितलीय, बाई. ती कंपनीची नव्हती, सरकारची होती. १९७२ ची एकाधिकार योजना. कापूस विकायचा तर सरकारी केंद्रावरच. प्रत नाही म्हणून गाडी दोन-दोन दिवस रांगेत उभी. चुकारे महिने-महिने लांबायचे. पलीकडं भैंशाला भाव जास्त असला तरी कापूस राज्याबाहेर न्यायला बंदी. आपल्याच मालाची चोरी करावी तसं लोक रात्री गाड्या हाकत सीमा ओलांडायचे. शेतकऱ्याचं भलं करायला म्हणूनच काढली होती ना ती योजना?"

"भलं करायलाच काढली होती. आणि पहिली काही वर्षं व्यापाऱ्याच्या तावडीतून सुटल्याचा आनंद लोकांना होताही. पण विकणारे लाखो आणि घेणारा एक, तोही कायद्यानं नेमलेला. मामा, मी सरकारची वकिली करायला बसले नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की शेतकऱ्याला 'तुझ्याकडं नाही, मी दुसरीकडं जातो' असं म्हणता आलं पाहिजे. विकताना पण, घेताना पण. भैंशाची वाट अडवणारा नाकेदार आणि जनुकाची वाट अडवणारा करार, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच वाटतात."

"मग शरद जोशी काय वेगळं सांगत होते? शेतकऱ्याला बाजाराचं स्वातंत्र्य द्या, तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य द्या. ते बीटीच्या बाजूनं उभे होते."

"होते. आणि स्वातंत्र्य हा शब्द खरा मानायचा असेल तर तो कंपनीच्या कराराला पण लावला पाहिजे. सरकारनं अडवलं की स्वातंत्र्य गेलं, आणि कंपनीनं अडवलं की तो बाजाराचा नियम, असं कसं?"

हे बोलून झाल्यावर मी मामांना अमेरिकेची एक गोष्ट सांगितली. ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. मक्तेदारीविरोधी कायद्याचा इतिहास म्हटलं की लोक रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलचं नाव घेतात. १९११ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिचे ३४ तुकडे करायला लावले. पण शर्मन कायदा झाला १८९० मध्ये, आणि त्याच्या आधी शेतकऱ्यांचा संताप होता. १८८८ मध्ये कापसाच्या गाठी बांधायच्या तागाच्या कापडाचे कारखानदार एक झाले आणि त्यांनी ऐन हंगामात दर चढवले. ताग आपल्या बंगालचा, कापूस जॉर्जिया-अलाबामाचा, आणि नफा मधल्या मूठभरांचा. फार्मर्स अलायन्स या शेतकरी संघटनेने ठरवलं की तागाचं कापड घ्यायचंच नाही. त्यांनी गाठी सुती कापडात बांधल्या. दोन वर्षं नुकसान सोसून त्यांनी तो ट्रस्ट वाकवला. म्हणजे हा कायदा शहरातल्या अर्थतज्ज्ञांनी टेबलावर बसून सुचवलेला नाही. कापूस पिकवणाऱ्यांनी तो भांडून पुढे आणला आहे.

"बरं, पाकीट स्वस्त झालं," मामा म्हणाले. "७५० झालं. पुढं काय झालं ते मी सांगतो. २०१५ च्या डिसेंबरात केंद्रानं किंमत नियंत्रण आदेश काढला. २०१६ ला जनुकाची फी ४९ रुपये. मग ३९, मग २०, आणि २०२० ला शून्य. त्याच २०१६ ला कंपनीनं पुढच्या तणनाशक-सहनशील वाणाचा अर्ज मागं घेतला. २००६ ला बोलगार्ड दोन, म्हणजे दोन जनुकांचं बीटी आलं, त्यानंतर कंपनीचं एक नवं जनुक आलं नाही. शेतकरी चोरून तसलंच एचटीबीटी पेरायलेत. बिल नाही, उगवणीची हमी नाही, तक्रार करायला तोंड नाही. स्वस्ताईनं काय मिळवलं?"

इथे मामांचं म्हणणं वजनदार आहे. किंमत दरवर्षी दिल्लीतून ठरवणं आणि बाजारात स्पर्धा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पहिली केली आणि दुसरी झाली असं समजून बसलो. फी शून्य केल्याने कंपनीची पकड सुटली. पण तिच्या जागी यायला कुणी तयार नव्हतं, कारण शून्य रुपयांसाठी कोण दहा वर्षं संशोधन करणार? सरकारने ज्या वर्षी फी उतरवली त्याच वर्षी परभणी आणि नागपूरला तेवढी ताकद द्यायला हवी होती. तसं झालं नाही. २०२५ च्या खरिपाला पाकीट ९०१ रुपयांचं होतं, आणि आत तीच २००६ सालची दोन जनुकं होती.

"आणि त्या जनुकांना आता गुलाबी बोंडअळी भीक घालत नाही," मी म्हटलं. "२०१७ आठवतं ना?"

"कसं विसरीन? बोंड वरून ठणठणीत दिसायचं, फोडलं की आत अळी. सरकी किडलेली, रुई पिवळी."

"माझ्या दृष्टीनं मक्तेदारीचं खरं नुकसान किमतीत नव्हतं, मामा. देशातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त कापसात एकाच घरातली जनुकं गेली. गुलाबी अळी मुख्यतः कापसावरच जगते, तिला दुसरं खायला फारसं नाही. सगळ्या शिवारात एकच कुलूप असेल तर एकदा किल्ली सापडली की सगळी घरं उघडतात. २०१० मध्ये कंपनीनं स्वतःच सांगितलं होतं की गुजरातेत पहिल्या बोलगार्डला अळी दाद देईना. त्यानंतर दुसऱ्याचीही तीच गत झाली. चार वेगळी तंत्रज्ञानं शेतात असती तर एक फसलं तरी तीन उरली असती."

"सगळं कंपनीवर ढकलू नको," मामा म्हणाले, आणि मला त्यांचा हा प्रामाणिकपणा फार आवडतो. "पाकिटासोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटी यायचं, बांधाकडंनं लावायला. लोक ते दुकानाच्या पायरीवरच टाकून जायचे. मी पण कुणाला थांबवून सांगितलं नाही, हे कशाला टाकता म्हणून. वरून फरदड. फेब्रुवारी-मार्चपर्यंत पऱ्हाट्या उभ्या. अळीला बारमाही पंगत."

हेही खरं आहे. तरीही मला वाटतं की नॉन-बीटी लावायचा नियम मोठ्या सलग शेतांसाठी केलेला होता; दोन-तीन एकरवाल्याला त्यातल्या ओळी सोडायला सांगणं म्हणजे त्याच्या पोटातून काढून घेणं. ही अडचण सोडवायला बाजारात दुसरा कुणी तंत्रज्ञान देणारा असता, तर त्याने लहान शेतकऱ्याला झेपेल अशी पद्धत आणून आपलं बियाणं खपवलं असतं. एकटा विकणारा असला की त्याला असं डोकं चालवायची निकड राहत नाही.

मामांनी मग शेवटचा बाण काढला. "तुझ्या त्या आयोगाच्या चौकशीचं काय झालं?"

उत्तर देताना मला आजही राग येतो. २०१६ ला चौकशीचा आदेश झाला. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. चौकशी कशीबशी पुढे सरकली. पण १३ जुलै २०२३ ला उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने दूरसंचार कंपनी एरिक्सन आणि मोन्सँटो यांच्या प्रकरणांत निकाल दिला की पेटंटच्या परवान्याचा वाद असेल तिथे पेटंट कायदा चालेल, स्पर्धा आयोगाचा अधिकार चालणार नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आयोगाला दाद दिली नाही. म्हणजे कापसाच्या जनुकाच्या बाजारात वर्चस्वाचा गैरवापर झाला की नाही, याचा निवाडा कुणीही केला नाही. आरोप सिद्ध झाला नाही, खोटाही ठरला नाही. दहा खरीप गेले.

"तेच मी म्हणायलोय. कायदा दिल्लीत. पेरणी जूनमध्ये."

"पण २००६ आठवा. जानेवारीत अर्ज, मेमध्ये आदेश, जूनच्या पेरणीला पाकीट ७५० ला. तो तर जुना, मोडकळीला आलेला कायदा होता. आणि २०१८ ला बायरनं मोन्सँटो विकत घेतली तेव्हा आयोगानं सौदा होण्याआधीच अटी घातल्या. त्यातली एक अट अशी की मोन्सँटोचे महिकोमधले २६ टक्के भाग विकून टाका. जगात तेव्हा डाऊ-ड्युपाँट एक झाले, चिनी सरकारी कंपनीनं सिंजेंटा घेतली, सहा मोठ्यांचे चार झाले. आयोग तिथं वेळेवर हजर होता. नव्या कायद्याच्या कलम ३३ खाली अंतरिम आदेश देता येतो. हत्यार आहे. ते मेच्या आत उपसायची सवय लागली पाहिजे."

मामा हसले नाहीत. विषय त्यांच्या अंगावर आला होता, हे मला त्यांच्या पुढच्या बोलण्यावरून कळलं. "मग लिंकिंगचं बोल की. जनुकाचं कशाला धरून बसलीस?"

लिंकिंग हा शब्द मराठवाड्यातल्या प्रत्येक कृषी दुकानदाराला पाठ आहे. डीएपीचा ट्रक हवा तर सोबत नको असलेली विद्राव्य खतं घ्या. युरियाच्या पोत्यांसोबत अमुक बाटल्या उचला. मागणी असलेल्या वाणाची शंभर पाकिटं हवीत तर न खपणाऱ्या वाणाची पन्नास घ्या. दुकानदार ते घेतो आणि शेतकऱ्याच्या गळ्यात घालतो. कृषी खातं दर खरिपात लिंकिंग करू नका म्हणून पत्रक काढतं, आणि कारवाई झाली तर बहुतेक वेळा दुकानदारावर होते, कारण पथकाला शेवटची कडी तेवढी दिसते.

"गेल्या जूनमध्ये एका कंपनीचा माणूस आला," मामा सांगू लागले. कंपनीचं नाव त्यांनी घेतलं, मी ते इथे लिहीत नाही. "मला सरळ म्हणाला, हे घेतलं नाही तर तुमचा कोटा दुसऱ्या दुकानाला. मी घेतलं. पाच शेतकऱ्यांनी माझ्याशी भांडण केलं. त्यातले दोघं आता माझ्याकडं येत नाहीत. तालुक्याचा माणूस, नात्यातला माणूस, तो मला लुटारू म्हणून गेला."

"मामा, याला कायद्यात जोडविक्री म्हणतात, आणि ती कलम ३ मध्ये येते. आणि एक गोष्ट सांगते. ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी माल घेणारा ग्राहक धरत नाहीत, पण स्पर्धा कायद्यात धरतात. म्हणजे तुम्ही पण ग्राहक आहात. आयोगाकडं माहिती कुणीही देऊ शकतो. स्वतःचं नुकसान झालेलंच असलं पाहिजे असं नाही, हे २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय. व्यक्तीला ५,००० रुपये शुल्क. नाव उघड करू नका अशी विनंती करता येते."

"नाव लपून राहील? उमरीत? कोणत्या दुकानाला डीएपी कधी आलं हे चहावाल्याला पण माहीत असतं. आणि बिलात तर काही दिसतच नाही. दोन बिलं वेगळी काढतात."

"दोन्हीची तारीख एकच असते ना?"

"तारीख एक, गाडी नंबर एक."

"तुमच्या एकट्याच्या दोन बिलांवरून काही सिद्ध होणार नाही. पण भोकर, धर्माबाद, नायगाव, बिलोली, सगळीकडच्या दुकानांत त्याच आठवड्यात तीच जोडी गेली असेल, तर तो योगायोग राहत नाही. दुकानदारांनी मिळून माहिती द्यायची. मात्र एक जपा. एकत्र बसलात म्हणून विक्रीचा भाव एकत्र ठरवू नका, किंवा अमुक कंपनीचा माल कुणीच ठेवायचा नाही असा ठराव करू नका. गोव्यातल्या औषधविक्रेत्यांच्या संघटनेवर २०१२ ला आयोगानं अशाच वागणुकीसाठी कारवाई केलीय. कायदा लहानालाही लागू आहे, आणि तो तसा असलाच पाहिजे."

"म्हणजे कंपनीनं अडवायचं नाही आणि आम्ही पण शेतकऱ्याला अडवायचं नाही."

"हो."

"आमच्यातले काहीजण पेरणीच्या आठवड्यात नामांकित पाकिटावर दोनशे-तीनशे जास्त घेतात. ते येतील का तुझ्या तक्रारीत?"

"त्यांना घेऊच नका."

मामा उठले, आतल्या कपाटातून दोन फायली घेऊन आले आणि गेल्या तीन खरिपांची बिलं वेगळी काढायला लागले. डीएपीचं बिल आलं की त्याच तारखेचं दुसरं शोधायचं आणि दोन्ही पिनेनं टाचायची. "धर्माबादला माझ्या ओळखीचे चौघं आहेत, भोकरला दोघं," ते म्हणाले. "रविवारी मोंढा बंद असतो, तेव्हा बोलतो त्यांच्याशी. पण बाई, अर्ज मार्चच्या आत गेला पाहिजे. एप्रिलला कंपन्यांचं अलॉटमेंट ठरतं. एकदा ते ठरलं की त्या सहांतला एकपण सही करणार नाही."